शेत नांगरलं म्हणे!

२५ जुलै २०२२. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात सेस्ना १५२ जातीचं शिकाऊ विमान कोसळलं. आत एकटी शिकाऊ वैमानिक. जखमी झाली, पण वाचली. आमच्या हापिसात चहाच्या वेळी विनोद काय, तर "हिने तर शेतच नांगरलं!" मुलगी होती ना, मग काय विचारता. मीही हसलो. आता लाज वाटते.

अहो, इंजिन बंद पडलं म्हणून विमान दगडासारखं खाली येत नाही. असलं छोटं विमान १००० मीटरवरून ८-९ किलोमीटर तरंगत जाऊ शकतं. पुढचं गणित बारावीचं आहे. ताशी ८० किलोमीटरने टेकलं आणि एकसारखं मंदावत गेलं, तर ९ जी सोसून थांबायला ३ मीटर पुरतात. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट. म्हणून पंख मोडले तर मोडू द्यायचे, चाकं गेली तर जाऊ द्यायची, माणूस बसलाय तेवढा पिंजरा शाबूत ठेवायचा. आपण सर्व्हर कोसळताना डेटा वाचवला की पार्टी मागतो, आणि इथे जीव वाचला तर खिदळतो. कमाल आहे.

मी चंद्रपूरचा, त्यामुळे मला वेगळीच काळजी. मोरव्याच्या धावपट्टीवर वैमानिक घडवायच्या घोषणा आम्ही ऐकल्यात. घडवा की! पण औष्णिक वीज केंद्रामुळे आमच्याकडे जिकडेतिकडे उच्चदाबाच्या तारा. पलीकडे गडचिरोलीत जवळपास ७० टक्के जंगल, म्हणजे वरून मोकळं दिसणार ते नदीचं पात्र. त्याच वैनगंगेवर, पण वर गोंदिया-बालाघाटच्या हद्दीत, २६ एप्रिल २०१७ ला एक प्रशिक्षण विमान नदीवरच्या केबलला धडकून पडलं. दोघंही गेले. मार्च २०२३ मध्ये बालाघाटच्या जंगलात आणखी एक पडलं, पुन्हा दोघं.

तारेवर नारिंगी गोळे लावायला असा किती खर्च येतो? पण बातमीत 'तांत्रिक बिघाड' नाहीतर 'वैमानिकाची चूक' लिहिलं की संपलं. तार कुणाची, नकाशावर होती का, हे कोण विचारणार?

पोरांना मोरव्याहून उडवण्याआधी वैनगंगेवरच्या सगळ्या तारा मोजा. आणि ती यादी धावपट्टीच्या भिंतीवर लावा, मंत्र्यांच्या फोटोशेजारी लावलीत तरी चालेल.