हात चांगला आहे, पण पिस्तुलाचं काय?

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात खेळात काहीतरी करू बघणारं पोर आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आपल्याकडे ‘देशी पिस्तूल’ म्हटलं की बातमी एकच असते : गावठी कट्ट्यासह एकाला अटक. मी त्या पिस्तुलाबद्दल बोलत नाहीये. मी बोलतोय दहा मीटरवर छर्रा मारायच्या एअर पिस्तुलाबद्दल, जो ऑलिम्पिकमधला खेळ आहे आणि आपल्या शालेय शासकीय स्पर्धांमध्येही आहे. जिल्हा, विभाग, राज्य अशी त्याची चढण आहे. ठरावीक पातळीपर्यंत पोचलं तर दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, आणि पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पोशीर, कळंब, नेरळच्या पट्ट्यातल्या पोरांसाठी हे आयुष्य बदलू शकणारं प्रकरण आहे. म्हणून प्रश्न साधा वाटला तरी साधा नाही.

प्रश्न असा : काही हजारांत मिळणारं देशी पिस्तूल दीड-दोन लाखांच्या परदेशी पिस्तुलाची बरोबरी करू शकतं का?

यावर दोन उत्तरं तयार असतात. पहिलं उत्तर बक्षीस समारंभातलं. “हत्यार महत्त्वाचं नाही, हात महत्त्वाचा. आमच्या आदिवासी पोरांचा नेम तर उपजतच!” टाळ्या पडतात, नारळ-शाल होते, गाडी निघून जाते. दुसरं उत्तर दुकानातलं. “इम्पोर्टेड घ्या, नाहीतर हा खेळ विसरा.” पहिलं उत्तर देणाऱ्याला पैसे द्यायचे नसतात, दुसरं देणाऱ्याला घ्यायचे असतात. पोराचा विचार दोन्हीत नाही.

आधी हिशोब बघू. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो. शर्टाच्या बटणाएवढा. छर्रा ४.५ मिलिमीटरचा. छऱ्याची कड रेषेला लागली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छऱ्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत पडला तर दहा. त्यापुढे प्रत्येक ८ मिलिमीटरला एक गुण कमी.

आता पिस्तूल शिकंज्यात घट्ट आवळा, माणसाचा हात पूर्ण बाजूला ठेवा, आणि दहा छर्रे मारा. स्पर्धेचं चांगलं पिस्तूल ते दहाही छर्रे जवळपास एकाच भोकातून घालतं. स्वस्त पिस्तूल ते पसरवतं. समजा ते स्वतःच्याच दोषाने छर्रा १० मिलिमीटर इकडेतिकडे टाकत असेल, तर पोराने श्वास, खांदा, मनगट, नजर सगळं शंभर टक्के बरोबर केलं तरी कागदावर नऊ पडतो. हा नऊ पिस्तुलाचा आहे, गुणपत्रिकेवर मात्र पोराच्या नावाने जातो.

मोठ्या स्पर्धेत ६० छर्रे मारायचे असतात. त्यातल्या दहांमध्ये जरी एकेक गुण असा गळाला, तरी दहा गुण गेले. दहा गुण म्हणजे किती? टोकियो ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरची अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली होती. ५७५ झाले, ५७७ हवे होते.

आणि हे फक्त बॅरलचं झालं. स्वस्त पिस्तुलं बहुतेक स्प्रिंगची. बॅरल मोडून, जोर लावून ती दर वेळी भरावी लागतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने सराव धरून सत्तर-ऐंशी वेळा तो जोर लावायचा आणि नंतर त्याच हाताने किलोभर वजन एका हातात, खांद्याच्या रेषेत स्थिर धरायचं. बरं, ट्रिगर ओढल्यावर आतली स्प्रिंग सुटते, पिस्टन धडकतो, आणि छर्रा बॅरलबाहेर पडायच्या आधीच पिस्तूल हलतं. स्पर्धेच्या पिस्तुलात आधीच भरून ठेवलेली दाबाची हवा असते, त्यामुळे धक्का जवळजवळ नसतोच. ट्रिगरचंही तसंच. नियमाने ट्रिगरचं ओझं किमान ५०० ग्रॅम हवं. चांगलं पिस्तूल त्या आकड्याच्या अगदी जवळ आणून ठेवता येतं आणि दर वेळी तिथेच सुटतं. स्वस्त पिस्तुलाचा ट्रिगर जड असतो, खरखरत येतो, कधी सुटेल भरवसा नाही. ग्रिप प्लास्टिकची, मोठ्या माणसाच्या पंजाच्या मापाची. डावखुऱ्या पोराने काय करायचं, याचा विचारच नाही.

“पण तो तुर्कस्तानचा काका बघितला ना?” हो, बघितला. पॅरिसला २०२४ साली युसुफ दिकेचने मिश्र सांघिक एअर पिस्तुलात रौप्य घेतलं. एक हात खिशात, अंगात साधा टी-शर्ट, डोळ्यावर नेमबाजांच्या भिंगांचा पसारा नाही. फोटो जगभर फिरला आणि आपल्या प्रत्येक ग्रुपवर आला : “बघा, साधनं लागत नाहीत!” अहो, त्याच्या दुसऱ्या हातात काय होतं तेही बघा की. ते जत्रेतल्या फुगे फोडायच्या दुकानातलं नव्हतं. स्पर्धेचं पिस्तूल होतं, आणि पाठीमागे कित्येक वर्षांचा सराव होता. त्याने भिंगं सोडली, पिस्तूल सोडलं नाही.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर दुकानदार खूश होतील. महागडं पिस्तूल म्हणजे पदक नव्हे. टोकियोला मनूचं पिस्तूलच ऐन पात्रता फेरीत बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला आणि उरलेले छर्रे घाईत मारावे लागले. ते पिस्तूल परदेशी आणि उत्तम दर्जाचंच होतं. तीन वर्षांनी तिनेच पॅरिसला दोन कांस्यपदकं आणली. महाग वस्तू हात घडवत नाही. फक्त घडलेल्या हाताच्या आड येत नाही. फरक एवढाच आहे, पण निवड याच फरकावर होते.

मी शाळांच्या पोरांना स्पर्धांना नेणं-आणणं करतो. स्वतः नेमबाज नाही, पण वही ठेवतो. आमच्याकडची एक मुलगी दुकानातून घेतलेल्या स्प्रिंगच्या पिस्तुलावर शिकली. एकदा एका क्लबमधल्या ओळखीच्या माणसाने तिला अर्धा तास आपलं स्पर्धेचं पिस्तूल हातात दिलं. हात तोच, दुपार तीच, टार्गेट तेच. माझ्या वहीत दोन्ही रांगा शेजारी शेजारी आहेत. पहिल्या रांगेत सात-आठ-नऊ, दुसऱ्या रांगेत आठ-नऊ-दहा. तिने पिस्तूल परत दिलं आणि विचारलं, “सर, मग मी इतके दिवस चुकत नव्हते का?” याचं उत्तर मी तिला काय देणार? हे उत्तर तालुक्याने द्यायचं आहे.

मग देशी, स्वस्त पिस्तूल टाकाऊ का? अजिबात नाही. उभं राहायचं कसं, श्वास कुठे थांबवायचा, ट्रिगर ओढताना मनगट का हलतं, सुरक्षेचे नियम काय, हे सगळं पहिल्या सहा-आठ महिन्यांत त्यावर शिकता येतं. पोराला हा खेळ आवडतोय का हे कळायला दोन लाख घालायची गरज नाही. ०.१७७ बोअरचं, २० ज्यूलपर्यंतच्या ताकदीचं एअर पिस्तूल असलं तर परवानाही लागत नाही. तिथपर्यंत बरोबरी होते. जिल्ह्याच्या पुढे होत नाही. आणि जिथे बरोबरी संपते, नेमकी तिथेच गुण आणि नोकरी सुरू होते.

इथे कुणीतरी ‘स्वदेशीचा अपमान’ म्हणेल. म्हणून पुण्याचं उदाहरण देतो. पाषाणच्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने, म्हणजे एआरडीईने, लेफ्टनंट कर्नल प्रसाद बन्सोड यांच्यासोबत ‘अस्मी’ नावाचं मशीन पिस्तूल बनवलं. जानेवारी २०२१ मध्ये ते जाहीर झालं तेव्हा एका नगाचा उत्पादन खर्च ५० हजारांच्या आत सांगितला होता. २०२४ मध्ये सैन्याच्या उत्तर कमांडला ५५० नग मिळाले. हे का जमलं? कारण वापरणारा माणूस पहिल्या दिवसापासून बनवणाऱ्याच्या शेजारी बसला होता, आणि चाचणी झाल्याशिवाय घेणार नाही असं सांगणारा ग्राहक समोर होता. देशी माल देशी आहे म्हणून कमी पडत नाही. त्याला कसोटीला लावणारा कुणी नसला की कमी पडतो. पोरांच्या पिस्तुलासाठी असा ग्राहक कोण आहे? कुणीच नाही. बाप दुकानात जातो, जे परवडतं ते घेतो, डब्यावर ‘प्रोफेशनल’ लिहिलेलं असतं.

सवलती नाहीत असं नाही. नामवंत नेमबाजांना हत्यार बाहेरून आणायला शुल्कात सूट आहे. चांगलंच आहे. पण नामवंत झाल्यावर! नाव होईपर्यंतचा सगळा खर्च बापाच्या खिशातून. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला रायफलमध्ये कांस्य जिंकलं, तेव्हा वडिलांनी गोळ्यांसाठी कर्ज काढल्याच्या बातम्या आपण कौतुकाने वाचल्या. मला त्यात कौतुकाइतकीच लाजही वाटते. एक शिक्षक बाप कर्ज काढू शकला. वीटभट्टीवर जाणारा बाप कुठून काढणार? तो मुलगा आपल्या मध्य रेल्वेत टीसी होता. आपण रोज ज्या रेल्वेने नेरळवरून कामाला जातो, तीच. म्हणजे पोरं दूरच्या कुठल्या ग्रहावरची नसतात.

आता मुद्द्याची गोष्ट. प्रत्येक घराने दोन लाखांचं पिस्तूल घ्यावं असं मी म्हणतच नाहीये. तालुक्याने पाच घ्यावीत. पाच चांगली पिस्तुलं, हवा भरायची सोय, छर्रे, टार्गेट, कुलपाचं लोखंडी कपाट. दहा-बारा लाखांत बसेल. रेंजला लागतं काय? दहा मीटरची फायरिंग लाइन मावेल असा बंद हॉल, मागे भक्कम भिंत, नीट उजेड आणि एक प्रशिक्षित माणूस. नेरळ किंवा कर्जतच्या एखाद्या मोठ्या शाळेत सुट्टीनंतर हे होऊ शकतं. पाच पिस्तुलांवर पाळीपाळीने तीस पोरं सराव करतील. एका पिस्तुलाचं आयुष्य वर्षानुवर्षं असतं, फक्त हवेच्या सिलेंडरची मुदत बघून तो वेळेवर बदलावा लागतो.

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न मला विचारू नका. गावोगाव प्रवेशद्वारावर स्वागत कमानी उभ्या राहतात तेव्हा कुणी विचारत नाही. खुल्या व्यायामशाळांची सायकल पहिल्या पावसाळ्यात गंजते तेव्हा कुणी विचारत नाही. रात्रीच्या दिव्यांतल्या क्रिकेटच्या चषकांना लाखांची बक्षिसं लागतात तेव्हा तर मुळीच नाही. जिल्हा नियोजनात क्रीडा साहित्याला पैसे असतात. मागणारं कुणी पाहिजे.

“पोरांच्या हातात पिस्तूल द्यायचं? धोका नाही का?” रास्त प्रश्न. पण धोका आज जास्त आहे. आज कुणीही दुकानातून छऱ्याची बंदूक आणतो आणि पोरं माळावर पाखरं मारत हिंडतात, जो वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. कपाटात कुलूपबंद, नोंदवहीत सही करून, प्रशिक्षकासमोरच हातात येणारं पिस्तूल त्याहून कितीतरी सुरक्षित.

“पनवेलला आहे की रेंज.” आहे, आणि उत्तम आहे. ऑलिम्पिक नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य क्लब पनवेललाच आहे. आपल्याच जिल्ह्यात असं केंद्र असणं ही अभिमानाची गोष्ट. पण पोशीरहून शाळा सुटल्यावर नेरळ, तिथून कर्जत, तिथून चौकवरून एसटीने पनवेल, आणि रात्री परत? आठवड्यातून चार दिवस? मुलीला? पनवेलचं केंद्र हवंच, पण त्याच्या खालची पायरी आपल्या तालुक्यात हवी, म्हणजे तिथे पोचणारं पोर तयार होऊन पोचेल.

म्हणून तीन मागण्या. एक : तालुक्यात सार्वजनिक मालकीची किमान पाच स्पर्धेची पिस्तुलं. दोन : शालेय स्पर्धेच्या ठिकाणी तपासलेली दोन-तीन सामायिक पिस्तुलं, ज्याच्याकडे स्वतःचं नाही त्याला मागता येतील अशी. तीन : सरकारी पैशाने पिस्तूल घ्यायचं, देशी असो की परदेशी, तर आधी शिकंज्यात लावून दहा छर्रे मारा आणि तो कागद सगळ्यांना दिसेल असा लावा. देशी कंपनीचा गट तेवढाच लहान आला तर देशीच घ्या, मी पहिला हार घालायला येईन. नाही आला तर भाषण नको.

येत्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडणार आहे. तुमच्या गावात तुम्ही मांडा. विरोध असेल तर कमेंटमध्ये जरूर लिहा, पण एक विनंती : “हात महत्त्वाचा” हे वाक्य लिहिण्याआधी ते शिकंज्यातले दहा छर्रे आठवा. तिथे हात नव्हताच.