ध्येय ठरवायला सेमिनार कशाला? 1917 ते 1920 वाचा!



परवा आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात एका 'मोटिव्हेशनल' वक्त्याला बोलावलं होतं. डोळे मिटा, पाच वर्षांनंतरचे स्वतःला बघा, मनापासून मागा, मिळतंच! समोर बसलेल्या पोरांपैकी कित्येकांची शिष्यवृत्ती अजून खात्यात जमा झालेली नव्हती. आणि हे सगळं बाबासाहेबांच्या फोटोखाली चाललेलं.

बाबासाहेबांची इच्छा कमी पडली होती का? 1916 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन, दोन्हीकडे त्यांचा प्रवेश झाला. 1917 मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. पुस्तकांचं सामान ज्या जहाजात होतं ते बुडालं. बडोद्यात नोकरी होती, पण राहायला जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमात उतरले, तर लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढलं. कोलंबियात शिकून आलेल्या माणसाची ही गत! यात त्यांचा कोणता 'माइंडसेट' चुकला होता? जात आडवी आली. हे न सांगता ध्येयावर भाषण ठोकणारा माणूस अपयशाचं खापर आपल्याच पोराच्या डोक्यावर फोडून, मानधनाचं पाकीट घेऊन निघून जातो.

मग बाबासाहेबांनी काय केलं? परत येऊन अभ्यास पुरा करण्यासाठी लंडनहून चार वर्षांची मुदत मिळवली होती, ती डोक्यात पक्की ठेवली. 1918 मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी धरली, पगारातून पैसे बाजूला काढले. नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपये कर्ज घेतलं. शाहू महाराजांनी मदत केली. मुदत संपायच्या आत, 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. 1921 ला एम.एस्सी., 1923 ला डी.एस्सी., शिवाय बॅरिस्टर. डोळे मिटून यातलं काहीही झालं नाही.

आता थोडं आपल्याच कार्यकर्त्यांशी. 'चळवळीसाठी मी डिग्री सोडली' असं छाती फुगवून सांगणारे भाऊ प्रत्येक जिल्ह्यात भेटतात. तारखा बघा, भाऊ. 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' निघाला, मार्चमध्ये माणगाव परिषद झाली, आणि त्याच वर्षी बाबासाहेब शिकायला गेले. आजचा एखादा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असता तर 'करिअरिस्ट' म्हणून त्यांना सकाळी काढून टाकलं असतं! पण अर्थशास्त्राची ती पदवी पुढे हिल्टन यंग कमिशनपुढे बोलायला उपयोगी पडली आणि बॅरिस्टरी कोर्टात. सोडलेल्या डिग्रीचा चळवळीला काय उपयोग झाला, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

याचा अर्थ फ्लॅट घेऊन, आडनाव बदलून गायब होणाऱ्या साहेबांना मी मोकळं सोडतोय असं नाही. 18 मार्च 1956 ला आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल जी खंत बोलून दाखवली, ती त्यांच्यासाठीच होती.

पण त्या पाच हजारांवर मी पुन्हा येतो, कारण खरी अडचण तिथेच आहे. पुण्यात, संभाजीनगरात खोली करून अभ्यास करणारी आपली पोरगी अर्ध्यावर गावी परतते ती बहुतेक वेळा भाड्यापायी, मेसच्या बिलापायी. तिला भथेना कुठून मिळणार? आमच्या मंडळाने गेल्या जयंतीला डीजेवर जेवढे उडवले, त्यात अशा दोघींचं वर्षभराचं खोलीभाडं निघालं असतं. हिशोबाची वही मीच लिहितो, म्हणून सांगतोय. येत्या 14 एप्रिलच्या वर्गणीच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. शिव्या पडतील, माहीत आहे. तुमच्या मंडळाची बैठक कधी आहे?