श्रोत्यांची दप्तरी नोंद

मुंबईच्या गिरगावातील खोताच्या वाडीतले लाकडी सज्जे, ओटे आणि कौलारू छपरे यांचे जतन व्हावे, ही मागणी सर्वथा रास्त आहे. परंतु त्या सज्ज्यांत बसून ज्यांनी आयुष्यभर गाणे ऐकले, त्यांच्या श्रवणाची नोंद कोणत्याही दप्तरी नाही, याची खंत क्वचितच कोणी व्यक्त करतो.

लोकप्रिय संगीताचा इतिहास आपण गायक-संगीतकारांच्या चरित्रांतून लिहीत आलो. गिरगावातल्याच मॅजेस्टिक चित्रपटगृहात १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ झळकला आणि बोलपटाबरोबर त्यातले गाणेही प्रथमच लोकांपुढे आले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या गाण्यांना पुढे वाद्यवृंदाचे वैभव देणारे गोमंतकीय वादक, चर्चमध्ये शिकलेली पाश्चात्त्य स्वरलिपी घेऊन, याच गिरगाव-धोबीतलावच्या परिसरात नांदले, हेही अलीकडे मान्य होऊ लागले आहे. श्रोता मात्र अद्याप अनामिकच राहिला.

वस्तुतः निर्णायक प्रसंगी फैसला त्यानेच केला. १९५२ साली नभोवाणी खात्याची सूत्रे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आली. अभिजात संगीताविषयी त्यांची निष्ठा निःसंशय होती आणि संगीताच्या अखिल भारतीय कार्यक्रमांचे ऋण रसिकांनी मानलेच पाहिजे; तथापि प्रजेची अभिरुची सरकारी हुकुमाने घडविता येते, या समजुतीने जेव्हा आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली, तेव्हा पोस्टात रेडिओ-परवान्याचे पैसे भरणाऱ्या सामान्य माणसाने ना मोर्चा काढला, ना अर्ज केला, तर रेडिओची कळ फिरवून सिलोन केंद्र लावले, आणि अमीन सयानींची गीतमाला घरोघर दुमदुमू लागली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करून सरकारला श्रोत्याच्या आवडीची दखल घ्यावी लागली. या माघारीचे श्रेय कोणत्याही संगीतकाराकडे जात नाही.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, वाडीच्या वास्तूंची मोजणी आणि नकाशे होतील तेव्हा तिथल्या वृद्धांच्या जबान्याही नोंदवाव्यात आणि दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थेने त्या सांभाळाव्यात. पहिला रेडिओ कोणाकडे आला, शेजारी ऐकायला कोठे बसत, रेडिओवरच्या ‘आपली आवड’ या फर्माइशी कार्यक्रमासाठी पत्रे कोण लिही, कोणती गाणी वडीलधाऱ्यांनी मना केली आणि ती कोठे जाऊन ऐकली, वाडीतल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरातले सूर शेजारच्या पाठारे प्रभूंच्या माजघरात कसे पोहोचत, हे सांगणारी माणसे आता ऐंशी-नव्वदीत आहेत; हे काम याच वर्षी हाती घ्यावे.