आधी हिशेब, मग घोडा

शर्यतीचा घोडा परवडेल का, असे नवा मालक विचारतो तेव्हा आपण त्याला बहुधा डर्बीच्या बक्षिसाचा आकडा सांगतो. ते उत्तर त्याची दिशाभूल करते. साधे गणित मांडून पाहू. एका शर्यतीत दहा घोडे धरले आणि घोडा वर्षातून आठ वेळा धावला, तर सरासरी घोड्याला वर्षाकाठी एक विजयही मिळत नाही. मागच्या क्रमांकांची बक्षिसे पहिल्याच्या मानाने किरकोळ असतात. तबेल्याचे बिल मात्र बाराही महिने येते: ट्रेनिंगची फी, सईसाचा पगार, ओट्स, वैरण, नालबंद, डॉक्टर, पुणे-मुंबई वाहतूक. पायाला सूज येऊन घोडा तीन महिने उभा राहिला तरी यातले फारसे काही थांबत नाही. बक्षीस मिळालेच तर त्यातून ट्रेनर आणि जॉकीचा टक्का जातो. त्यात हँडिकॅपची रचनाच अशी की, जिंकणाऱ्याला पुन्हा जिंकणे अवघड व्हावे. रेटिंग चढले की पाठीवरचे वजन वाढते किंवा वरच्या वर्गातले तगडे घोडे समोर येतात. खच्ची केलेला घोडा शर्यतीतून निवृत्त झाला की प्रजननासाठीही उपयोगाचा नसतो. एखादी चांगल्या वंशाची घोडी स्टड फार्मवर जाते, एवढीच काय ती भरपाई.

बक्षिसे वाढवा, हा उपाय आपल्यातले अनेकजण सुचवतात आणि मागणी रास्तच आहे. पण बक्षिसांचा मोठा आधार पैजांवरचे उत्पन्न आहे. पैजेच्या पूर्ण रकमेवरचा 28 टक्के जीएसटी सप्टेंबर 2025 मध्ये 40 टक्के झाला. एवढा कर सोसण्याऐवजी पंटर बेकायदा बुकीकडे वळतो आणि क्लबचे उत्पन्न तेवढे घटते. आयकराचा नियमही कठोर आहे: घोडे बाळगण्यातला तोटा धंद्याच्या किंवा पगाराच्या उत्पन्नातून वजा होत नाही. तो फक्त याच प्रकारच्या उत्पन्नातून वजा होतो, तोही पुढची चार वर्षेच. भागीदारीत घोडा घेतला तर प्रत्येकाचा भार हलका होतो, पण जमाखर्चाचे प्रमाण तेच राहते.

मालक नफ्यासाठी येतच नाही, हौसेसाठी येतो, असा आक्षेप निघेल. तो खरा आहे, आणि म्हणूनच हिशेब आधी सांगायला हवा. हौसेला किती पैसे लागणार हे ठाऊक असलेला माणूस घोडा हरला तरी टिकतो. नफ्याच्या आशेने आणलेला माणूस दुसऱ्या हंगामात बिले थकवतो, आणि त्याची झळ थेट सईसाच्या पगाराला बसते. खरे सांगितले तर गिऱ्हाईक जाईल, ही भीतीही मला पटत नाही. जे जातील ते तसेही गेलेच असते, मागे थकबाकी ठेवून. ट्रेनर आणि ब्रीडर मंडळींना आमची कळकळीची विनंती आहे: घोड्याचा सौदा होण्यापूर्वी, बक्षिसाची रक्कम शून्य धरून, वर्षभराचा पूर्ण खर्च मालकाच्या हाती लेखी द्या.