रुळांमागचा डोंगर कुणाचा?

आपल्याकडच्या हौशी लोकांनी बनवलेल्या मॉडेल रेल्वेचे फोटो आणि व्हिडिओ पाहताना मी हल्ली गाडीकडे बघतच नाही, मागच्या भिंतीकडे बघतो. पुढे डब्ल्यूएपी-४ इंजिन असतं, निळे आयसीएफ डबे असतात, डब्यांवर गावांची नावं देवनागरीत लिहिलेली असतात. स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत ‘लोणावळा’ असतं. आणि त्या लोणावळ्याच्या मागे बर्फाची शिखरं, सूचिपर्णी झाडांचं रान, हिरव्यागार उतारावर चरणाऱ्या पांढऱ्या-तांबड्या गायी आणि लाकडी चौकटींची उतरत्या छपरांची घरं. इंजिनाच्या जाळीला किती पट्ट्या हव्यात यावर तीन दिवस वाद घालणारी माणसं या भिंतीबद्दल चकार शब्द काढत नाहीत. म्हणून हा लेख त्या भिंतीबद्दल.

याचं ठरलेलं स्पष्टीकरण मला पाठ आहे. ‘इथं सामानच मिळत नाही.’ ते अर्धं खरं आहे. या छंदाचं बहुतेक सामान जर्मनीतून येतं. मार्कलिन गोपिंगेनची, फालर ब्लॅक फॉरेस्टमधल्या ग्युटेनबाखची, नोख आल्गॉय भागातल्या वांगेनची. या कंपन्यांचा काहीच दोष नाही. त्यांच्या खिडकीतून जे दिसलं त्याची त्यांनी छोटी प्रतिकृती केली, खोक्यात भरली आणि विकली. प्रश्न आपल्या खिडकीचा आहे. घरं आणि झाडं आयात करावी लागतात हे एक वेळ मान्य करू, पण मागचा पडदा? आपल्या गल्लीत नगरसेवकाच्या वाढदिवसाचा वीस फुटी फ्लेक्स एका रात्रीत छापून मिळतो. त्याच यंत्रावर, त्याच दरात ड्यूक्स नोजचा फोटो छापता येतो. तरी माणसं आल्प्स मागवतात. तेव्हा अडचण सामानाची नाही, नजरेची आहे.

ही नजर शाळेत तयार होते. चित्रकलेच्या तासाला ‘सीनरी काढा’ म्हटलं की आपण काय काढायचो? दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नागमोडी नदी, काठाला झोपडी आणि इंग्रजी व्ही आकाराचे पक्षी. खिडकीबाहेर सपाट माथ्याचा सह्याद्री उभा असतानाही वर्गातली चाळीस मुलं चाळीस त्रिकोण काढायची. पुढे हिंदी सिनेमाने त्या त्रिकोणांवर बर्फ टाकला. ‘सीनरी’ म्हणजे दुसरीकडे असते ती, आपल्याकडे असतो तो नुसता परिसर, हे तेव्हापासून मनात बसलं. मोठेपणी हातात पैसे आले, प्लायवूडचं टेबल आलं, त्यावर रूळ आले आणि मागे तोच त्रिकोण परत आला.

सह्याद्री त्रिकोणी नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि पुढे पावसापाण्याने ते कापले गेले. म्हणून आपल्या डोंगरांना माथा सपाट, मधे उभा काळा कडा, कड्याखाली झाडीची तिरपी पट्टी, पुन्हा कडा, पुन्हा पट्टी. आडव्या रेघांचा हा डोंगर रंगवायला आल्प्सपेक्षा सोपा आहे. लांबची रांग फिकट निळी-राखाडी, तिच्या पुढची थोडी गडद, सगळ्यात जवळच्या रांगेत तेवढे कड्यांचे थर दाखवायचे. आकाश वर निळं आणि क्षितिजापाशी जवळपास पांढरं. पडद्याचे कोपरे काटकोनात न ठेवता गोलाईने वळवायचे, नाहीतर आकाशाला उभी घडी पडते. जिथे टेबल संपतं आणि पडदा सुरू होतो ती फट करवंदीच्या जाळीमागे किंवा स्टेशनबाहेरच्या कुंपणाच्या भिंतीमागे लपवायची. गाडी पडद्याच्या इतकी जवळ न्यायची नाही की तिची सावली आभाळावर पडेल. यातलं काहीही जर्मनीहून मागवावं लागत नाही.

पडदा शेवटी करायची वस्तू आहे, ही दुसरी समजूत. आधी रूळ, मग वायरिंग, मग स्टेशन आणि पैसे व उत्साह दोन्ही संपल्यावर मागे काहीतरी चिकटवायचं. जरा हिशेब करा. बोरघाटात गाडी सुमारे ५५० मीटर चढते. १:८७ या प्रमाणात ही उंची सहा मीटरच्या वर जाते, म्हणजे दोन मजली घर. कर्जत ते लोणावळा हे २८ किलोमीटरचं अंतर त्याच प्रमाणात ३२० मीटर भरतं. एवढी खोली कुणाकडेच नाही. टेबलावर घाटाचे फार तर दोन वळणं, एक बोगदा आणि एक पूल मावतात. बाकीचा सगळा घाट पडद्यानेच सांगायचा असतो. मग जो भाग नव्वद टक्के गोष्ट सांगणार आहे तो शेवटी, उरल्यासुरल्या पैशात का करायचा? खरं म्हणजे पहिला खिळा ठोकण्याआधी तीन गोष्टी ठरायला हव्यात: जागा कोणती, महिना कोणता, वेळ कोणती.

महिन्याचा मुद्दा आपल्याकडे सर्वात महत्त्वाचा आहे. बाजारात मिळणारं कृत्रिम गवत युरोपातल्या मे महिन्याच्या कुरणाचं आहे. आपल्या मे महिन्यात कर्जतचा डोंगर करपलेला, पिवळा-तपकिरी असतो, मधेच पळस-पांगारा झडून गेलेला आणि वणव्याचे काळे पट्टे. जुलैत तोच डोंगर ढगात बुडालेला आणि धबधब्यांनी ओघळलेला. नोव्हेंबरात गवत सोनेरी. एकाच टेबलावर जुलैचं गवत, मेचं आभाळ आणि जर्मन रंगाची खडी आली की नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण सगळंच खोटं वाटतं. आपली खडी काळ्या दगडाची असते, साधारण ५० मिलिमीटरची. १:८७ मध्ये तिचा कण अर्ध्या मिलिमीटरहून जरासा मोठा होतो. खडी क्रशरवरची कच चाळणीने चाळली की ती फुकट मिळते. कोकणासाठी तांबडी माती, देशासाठी काळी, पालापाचोळ्यासाठी चहाचा वाळवलेला चोथा.

‘अहो, छंद आहे. ज्याला जे आवडतं ते करू द्या की.’ हा आक्षेप मी मानला असता, जर हीच माणसं रूळांच्या रुंदीवरून भांडत नसती. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं. १:८७ मध्ये ते १९ मिलिमीटरच्या वर जातं आणि आपण धावतो १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर. या पावणेतीन मिलिमीटरांची बोच ज्यांना झोपू देत नाही, त्यांना मागे चुकीचा खंड उभा असल्याची बोच लागत नाही, हे मला पटत नाही. आल्प्सच हवे असतील तर अवश्य करा, पण मग पुढे स्विस गाडी आणि स्विस स्टेशन ठेवा. त्या मांडणीला मी टाळ्या वाजवीन. उलट उदाहरणही आपल्याच घाटात आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस घाटासाठी जी विजेची मालगाडीची इंजिनं आली, ज्यांना इथे ‘खेकडा’ म्हणत, त्यातली पहिली स्वित्झर्लंडमधल्या विंटरथुरला बांधलेली होती. इंजिन स्विस होतं, पण त्याने ओढलेला माल आणि चढलेला चढ इथलाच होता. परदेशी यंत्राला इथल्या डोंगराने कधी नाही म्हटलं नाही. डोंगरालाच परदेशी करायची गरज कुठून आली?

आता दुसऱ्या गटाकडे वळतो, कारण तोही निर्दोष नाही. हे लोक सह्याद्री रंगवतात, पण फक्त जुलैचा. हिरवाकंच, धुक्याचा, माणूस नसलेला. त्यांच्या घाटात ठाकुरवाडी केबिन असते, पण ज्या ठाकरांचं नाव त्या जागेला आहे त्यांचं एकही घर नसतं. रुळांलगतची झोपडपट्टी नाही, दोरीवर वाळणारे कपडे नाहीत, गुटख्याच्या जाहिरातीने रंगवलेली भिंत नाही, कर्जतला मागे बँकर इंजिन लागेपर्यंत खिडकी-खिडकीत वडे विकणारा माणूस नाही. बोरघाटाचं काम १८५६ ते १८६३ चाललं. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येताच वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने काम पुढे नेलं, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. त्याच घाटात पटकी, तापाने आणि अपघातांत हजारो मजूर मेले, त्यांची नावं कुणाजवळ नाहीत. निदान त्यांच्या नातवंडा-पणतवंडांच्या वस्त्या तरी देखाव्यातून पुसू नयेत. रेल्वे ही माणसांनी गच्च भरलेली गोष्ट आहे. माणसं काढून टाकलेला घाट हा पर्यटन महामंडळाचा कॅलेंडर होतो.

हे सगळं एवढ्या पोटतिडकीने सांगायचं कारण इंग्लंडमध्ये सापडेल. रॉय इंग्लंड नावाचा ऑस्ट्रेलियन तरुण १९२५ मध्ये तिथे आला. व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या भागातली गवती छपरांची घरं डोळ्यांदेखत बदलताना, पडताना त्याने पाहिली आणि ती छोट्या प्रमाणात जपायचं ठरवलं. त्यातून ऑक्सफर्डशायरमध्ये पेंडन म्युझियम उभं राहिलं. तिथे आगगाडी आहेच, पण लोक पाहायला जातात ते घरांच्या मोजून केलेल्या भिंती, परसबागा, शेतं. गेलेला मुलूख तिथे १:७६ मध्ये शिल्लक आहे.

आपल्याकडे असं काय काय गेलं? १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉपने सुरू केलेली बार्शी लाइट रेल्वे ब्रॉडगेज झाली. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी शकुंतला थांबली. दोन्ही ७६२ मिलिमीटरच्या अरुंद रुळांच्या. १:८७ मध्ये ही रुंदी पावणेनऊ मिलिमीटर होते आणि बाजारात सहज मिळणाऱ्या ९ मिलिमीटरच्या रुळांवर जवळजवळ बिनचूक बसते. म्हणजे जे ब्रॉडगेजला जमत नाही ते बार्शीला जमतं. फूटभर रुंदीच्या फळीवर आल्प्स कोंबता येत नाहीत, पण माळरान मावतं. क्षितिज खाली, वर भरपूर रिकामं आभाळ, ज्वारीचं शिवार, एक बाभूळ, दूर देवळाचा कळस आणि आषाढात पंढरीला निघालेली, टपापर्यंत लगडलेली गाडी. हा पडदा रंगवायला एक रविवार पुरे. तरी मी तो आजवर एकाही घरी पाहिलेला नाही.

आणि आपल्याला हे शिकवायला कुणी यावं लागेल असंही नाही. ‘देखावा’ हा शब्दच आपला आहे. गणपतीमागे आपण तो दरवर्षी उभा करतो. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, तेव्हा लोक पडदा पाहायलाही तिकीट काढत. दिवाळीत पोरं विटा, गोणपाट आणि चिखल घेऊन अंगणात किल्ला करतात, त्यावर अळीव-मोहरी पेरतात, बुरूज, तळं, पायथ्याची वाडी, वाडीतला कुंभार आणि शेतकरी सगळं मांडतात. त्या किल्ल्यामागे कुणी बर्फ लावत नाही. दहा वर्षांच्या पोराला राजगडाचा माथा सपाट असतो हे हाताने कळलेलं असतं. तीच पोरं पुढे चाळिशीत महागडं इंजिन विकत घेतात आणि मागे ब्लॅक फॉरेस्ट चिकटवतात.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. पुढचं इंजिन घेण्याआधी एक दिवस पॅसेंजरने जा. जिथे मॉडेल करायचं तिथे उतरा, रुळांपासून सुरक्षित अंतरावर उभे राहा आणि डावीकडून उजवीकडे क्षितिजाचे फोटो घ्या. माती डबीत भरून आणा. कोणती घरं आहेत, भिंतीवर काय लिहिलंय, कोण काय विकतंय ते टिपून घ्या. परत आल्यावर आधी पडदा टांगा. मग त्याच्यापुढे रूळ टाका.