वरचे आणि खालचे

शेजारी राज्यांची भांडणे बहुधा नकाशावरील रेषेवरून होतात. कृष्णाकाठी मात्र भांडणही ऋतूप्रमाणे पालटते. ऑगस्टमध्ये सांगलीकर म्हणतात, अलमट्टीचे दरवाजे उघडा. मे महिन्यात विजयपूर-बागलकोटकडून मागणी येते, कोयनेचे पाणी सोडा. नदी तीच, मागणारा तेवढा बदलतो.

महाबळेश्वरी उगम पावलेल्या कृष्णेला कऱ्हाडला कोयना आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते. सातारा आणि सांगली ही मूळची एकाच जिल्ह्याची भावंडे; १९४९ मध्ये उत्तर-दक्षिण अशी वाटणी झाली आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचे सांगली झाले. तरीही पावसाळ्यात सांगलीकर साताऱ्यातील कोयनेच्या विसर्गाचे आकडे धास्तीनेच ऐकतो. साताऱ्यापुढे तो खालचा, कर्नाटकापुढे वरचा. दोन्ही बाजूंचे दुःख ठाऊक असलेला असा शेजारी दुर्मीळच.

बच्छावत लवादाने १९७६ मध्ये महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्राला ८०० टीएमसी पाणी दिले. कोयनेचे ६७.५ टीएमसी पाणी विजेसाठी घाटाखाली वळवण्याची मुभाही दिली. ते कृष्णेत परतत नाही, हे खालच्यांचे जुने शल्य आहे. पुढे ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्ये अलमट्टीची पातळी ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास मान्यता दिली आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२५ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने या वाढीव उंचीसाठी भूसंपादनाचा निर्णय घेतला, तेव्हा महाराष्ट्राने तीव्र हरकत घेतली. हरकत घेणे योग्यच. परंतु लवाद वर्षाचा वाटा ठरवतो. आज रात्री कोणता दरवाजा किती उचलायचा, हे तो रोज सांगू शकत नाही. आणि पूर तर रात्रीतच चढतो.

२००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांनी हे शिकवले. २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्यानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने मुख्य दोष अलमट्टीला न देता अतिवृष्टी आणि नदीपात्रातील अतिक्रमणांकडे बोट दाखवले. अनेक सांगलीकरांना ते आजही पटत नाही. मला यात अविश्वासाचे मूळ दिसते. दोन्ही राज्ये आपापले आकडे पुढे करतात आणि दोघांचा म्हणून मान्य असा एकही आकडा नसतो.

समन्वय अशक्य नाही. जून २०२१ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन जलसंपदामंत्री जयंत पाटील यांनी बेंगळुरूत मुख्यमंत्री येडियुरप्पांची भेट घेऊन विसर्गाच्या समन्वयाची बोलणी केली. पुढच्याच महिन्यात पूर आला. पाऊस बैठकीने थांबत नाही, पण पाणी येण्याची खबर वेळेवर मिळू शकते. ती मंत्र्यांच्या परस्पर सलोख्यावर का अवलंबून असावी?

जतची कथा याच नाण्याची दुसरी बाजू आहे. २०२२ च्या अखेरीस कर्नाटकाने या दुष्काळी तालुक्यातील गावांवर हक्क सांगितला आणि पाठोपाठ तुबची-बबलेश्वर योजनेचे पाणी जतच्या सीमेवरील गावांत उतरले. महाराष्ट्रात संताप उसळला. पण पूर्व भागातील कन्नड बोलणारा शेतकरी मराठी असो वा कन्नड, कोणत्याही भाषेत पाणीच मागत होता. उन्हाळ्यात कोयनेतून द्यायचे आणि त्या बदल्यात जतला घ्यायचे, ही चर्चा जुनीच आहे. ती कागदावर का उतरू नये?

भारत-पाकिस्तानातील १९६० चा सिंधू करार तीन युद्धांतून टिकला. एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो स्थगित ठेवला. दोन वैरी देश दशकानुदशके पाण्याचे आकडे एकमेकांना देऊ शकले, तर एकाच संविधानाखालील दोन राज्यांना ते जड का जावे?

कोयना, वारणा, हिप्परगी आणि अलमट्टी यांची पातळी व विसर्ग पावसाळ्यात तासातासाला मराठी-कन्नडमध्ये जाहीर करणारी कायम संयुक्त यंत्रणा हवी. त्याने न्यायालयातील आपली बाजू दुबळी होईल, ही भीती निराधार आहे. उंचीला विरोध करायचा तर फुगवटा आकड्यांनीच सिद्ध करावा लागेल. भांडण न्यायालयात चालू राहो. पण नदीकाठच्या माणसाला जनावरे सोडून घर रिकामे करायला चार तास आधी कळले पाहिजे. मग तो काठ कोणत्याही राज्याचा असो.