टेबलावर फोन निघतो, तेव्हा चूक कुणाची?



या वेळच्या व्हिडिओत आपण बोर्ड गेम कॅफेचं गणित पाहिलं. भाडं, खुर्च्या, कॉफीवरचं मार्जिन, सगळं झालं. एक मुद्दा मात्र दोन मिनिटांत उरकावा लागला, आणि माझ्या मते धंदा टिकणार की नाही हे त्याच मुद्द्यावर ठरतं. म्हणून तो इथे सविस्तर लिहितोय.

मुद्दा असा. तुम्ही रोलप्लेइंग गेमचं टेबल चालवता. पाच गिऱ्हाइकं पैसे भरून बसली आहेत. तासाभरात बघता तर तिघांची मान खाली आणि बोटं स्क्रीनवर. आता काय करायचं? बऱ्याच मालकांचं उत्तर तयार असतं: "दारातच एक डबा ठेवायचा, फोन त्यात जमा."

माझं मत स्पष्ट सांगतो. डबा ठेवू नका. फोन हा ताप आहे, आजार वेगळाच आहे. थर्मामीटर फोडून ताप उतरत नाही.

आधी खेळ समजून घ्या

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'स्ट्रेंजर थिंग्ज' मालिकेत ती पोरं तळघरात बसून जो खेळ खेळतात, तो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली अमेरिकेत आणला. चार-पाच खेळाडू, आणि गोष्ट चालवणारा एक गेम मास्टर. प्रत्येक खेळाडूकडे एक पात्र. मास्टर प्रसंग सांगतो, खेळाडू आपलं पात्र काय करतं ते सांगतात. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात. एक बैठक सहज तीन-चार तास चालते.

म्हणजे तुम्ही विकता काय? फासे नाही, टेबल नाही, कॉफीही नाही. गोष्टीत गुंतून जायचे तीन तास तुम्ही विकता. गिऱ्हाईक फोनमध्ये गेलं, याचा अर्थ माल पोचलाच नाही.

यात पैसा किती आहे बघा. धरा, एका खुर्चीचे ४०० रुपये, आठवड्यातून एक बैठक. एक गिऱ्हाईक कंटाळून यायचं थांबलं की वर्षाला २०,८०० रुपये गेले. त्याच्या पाठोपाठ दुसरं गेलं की टेबलावर तिघंच उरतात. तिघांत रंगत येत नाही, मग उरलेलेही येत नाहीत. गिऱ्हाईक एकेक करून जातं, पण टेबल मोडतं ते एकदमच.

बारा मिनिटांचा हिशेब

फोन नेमका कधी निघतो ते पाहा. बहुतेक वेळा लढाईच्या प्रसंगात. ऐकायला विचित्र वाटेल, कारण लढाई हाच सगळ्यात थरारक भाग असायला हवा. पण हिशेब मांडा.

लढाईत सगळ्यांचे नंबर लागतात. पाच खेळाडू, प्रत्येकाला दोन मिनिटं, झाली दहा. राक्षसांची चाल मास्टर खेळतो, त्याला चार मिनिटं. एक फेरी चौदा मिनिटांची. त्यात तुमची स्वतःची दोन, बाकी बारा मिनिटं तुम्ही बसून. अशा चार फेऱ्या झाल्या की छप्पन मिनिटं होतात. त्यात खेळलात आठ मिनिटं, थांबलात अठ्ठेचाळीस.

गंमत म्हणजे या खेळाच्या नियमात एक फेरी सहा सेकंदांची मानतात. म्हणजे गोष्टीतली चोवीस सेकंदं सांगायला तुम्ही जवळजवळ तास घेतलात. बँकेच्या रांगेत बारा मिनिटं उभा राहिलेला माणूस फोन काढतोच ना? त्याला आपण बेशिस्त म्हणत नाही.

"हल्लीच्या पोरांना लक्षच नसतं," हे वाक्य मला म्हणूनच पटत नाही. हीच पोरं लग्नघरी मेंढीकोट खेळायला बसली की पहाटेपर्यंत उठत नाहीत. तिथे फोन जमा करायचा डबा कोण ठेवतं? कुणी नाही. मग तिथे फोन का निघत नाही?

कारणं दोन. एक, चारच जण असतात आणि पान टाकायला काही सेकंद लागतात, त्यामुळे आपला नंबर लगेच येतो. दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, दुसऱ्याने टाकलेलं प्रत्येक पान आपल्या कामाचं असतं. भिडूने काय टाकलं, हुकूम किती गेले, दश्शी कुणाकडे अडकली आहे, हे पाहिलं नाही तर डाव जातो आणि भिडू सगळ्यांसमोर झाडतो.

माझं सगळं म्हणणं या दोन कारणांत आलं. थांबायचा वेळ कमी करा, आणि दुसऱ्याच्या नंबरात आपला जीव अडकलेला ठेवा. एवढं केलं तर फोन खिशातच राहतो.

वेळ कमी कसा करायचा

नंबरांची यादी मोठ्या अक्षरात लिहून सगळ्यांना दिसेल अशी उभी करा. एकाचं नाव पुकारताना पुढच्याचंही घ्या: "आता तू, आणि त्यानंतर तू, तयार राहा." हॉटेलात वेटर पुढची ऑर्डर आधीच आत सांगून ठेवतो, तसंच हे.

हल्ला लागला का हे ठरवणारा फासा आणि इजा किती झाली हे ठरवणारा फासा एकदमच टाकायला सांगा. सहा राक्षस एकाच जातीचे असतील तर सहा वेळा फासे टाकत बसू नका, गटाने उरका. अर्ध्या मिनिटात खेळाडूला काही सुचलं नाही तर त्याचं पात्र या फेरीत नुसता बचाव करतं, असं आधीच ठरवून टाका. पहिल्या दिवशी कुरकुर होईल. पण आपला नंबर यायच्या आधी विचार करायची सवय लागेल.

आणि आता तुमच्याबद्दल. नियम आठवत नाही म्हणून मास्टर पुस्तक उघडतो, नाहीतर लॅपटॉपवर शोधायला लागतो. पाच मिनिटं टेबलावर शांतता. या पाच मिनिटांत सगळे फोन निघतात, आणि पहिला स्क्रीन तुम्हीच उघडलेला असतो! नियम आठवला नाही तर जागच्या जागी निर्णय द्या, पुढे चला, ब्रेकमध्ये बघून घ्या. निर्णय थोडा चुकला तरी चालतो, पण थांबलेला खेळ पुन्हा रंगात यायला वेळ लागतो.

दुसऱ्याच्या नंबरात जीव कसा अडकवायचा

पहिली गोष्ट, कामं वाटा. या खेळाच्या सुरुवातीच्या काळात टेबलावर एक जण नकाशा काढायचा, एक जण सगळ्यांच्या वतीने मास्टरला चाल सांगायचा. पुढे ती पद्धत मागे पडली. मी म्हणतो, परत आणा. एकाकडे नकाशा, एकाकडे खजिन्याचा हिशेब, एकाकडे नंबरांची यादी, एकाकडे मागच्या बैठकीत काय झालं त्याची वही. हातात काम असलेला माणूस ऐकतो, कारण ऐकलं नाही तर त्याचं काम अडतं.

दुसरी, नंबर नसलेल्याला प्रश्न विचारा. एक जण दार फोडतोय, तेव्हा गप्प बसलेल्याकडे वळा: "तू मागे उभी आहेस ना, तुला जिन्यावरून काय ऐकू येतं?" फक्त सूर जपा. वर्गात झोपलेल्या मुलाला मास्तर उठवतात तसा प्रश्न नको. त्याने गोष्टीत भर पडली पाहिजे, गिऱ्हाइकाचा अपमान होता कामा नये.

तिसरी, नियमातच जे दिलंय ते वापरा. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये शत्रू तुमच्या आवाक्यातून निसटून जायला लागला की आपला नंबर नसतानाही एक वार करता येतो. पण तो कधी? लक्ष असेल तर. बरेच मास्टर याची आठवण करून देतात. एखाद्या वेळी देऊ नका. संधी हुकली की पुढच्या वेळी डोळे आपोआप टेबलावर राहतील.

चौथी, पात्रं दोन ठिकाणी विभागली गेली तर एका गटाला वीस मिनिटं देऊन दुसऱ्याला ताटकळत ठेवू नका. तीन-चार मिनिटं झाली, प्रसंग ऐन रंगात आला, की तिथेच सोडा आणि दुसरीकडे वळा. टीव्ही मालिकावाले रोज हेच करतात.

या तत्त्वाचं टोक बघायचं असेल तर 'ड्रेड' नावाचा भयकथेचा खेळ बघा. त्यात फासेच नाहीत. टेबलाच्या मधोमध जेंगाचा लाकडी मनोरा असतो. अवघड काही करायचं तर एक ठोकळा ओढून वर ठेवायचा. मनोरा ज्याच्या हातून पडला त्याचं पात्र गोष्टीतून गेलं. दुसरा ठोकळा ओढतो तेव्हा तुमचाही श्वास अडकतो, कारण तो मनोरा डळमळीत करून ठेवणार आणि पुढचा हात तुमचा. तिथे फोन कोण बघेल?

मग फोनचा नियम नकोच?

हवा. पण तो तुम्ही लादलेला नको, टेबलाने ठरवलेला हवा. नव्या टेबलाची पहिली भेट फक्त बोलण्यासाठी ठेवतात: कसली गोष्ट हवी, काय नको, वेळ किती. फोनचा विषय तिथेच काढा.

लक्षात घ्या, तुमच्यासमोर बसलेल्यांत घरी तान्हं बाळ ठेवून आलेली आई असेल, ऑन-कॉल डॉक्टर असेल, दुकान पोऱ्यावर सोडून आलेला दुकानदार असेल. त्यांना फोन डब्यात टाका म्हणणं म्हणजे पुढच्या वेळी येऊ नका म्हणणं. त्यापेक्षा साधा नियम करा. फोन आला तर उठायचं, बाहेर जाऊन बोलायचं, परत यायचं. मधल्या वेळात काय झालं ते शेजारचा दोन वाक्यांत सांगेल. टेबलावर बसून मात्र स्क्रोल करायचं नाही.

बऱ्याच जणांची पात्राची माहितीसुद्धा फोनवरच असते. 'डी अँड डी बियॉन्ड'सारखी ॲप त्यासाठीच आहेत. पण आकडा बघायला फोन उघडला की वर व्हॉट्सॲप टुणकन वाजतं आणि माणूस गेला. यावर उपाय म्हणजे कागद. पात्राची प्रिंट, एक पेन्सिल आणि खोडरबर प्रत्येक खुर्चीसमोर ठेवा. या धंद्यातली ही सगळ्यात स्वस्त गुंतवणूक.

त्या कागदावर कुणी चित्रं गिरवत बसलं तर रागावू नका. ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ जॅकी अँड्रेड यांनी ४० जणांना एक रटाळ निरोप ऐकवला होता. ऐकताना कागदावरचे आकार रंगवणाऱ्यांना इतरांपेक्षा २९ टक्के जास्त आठवलं. हात कामात असले तरी कान मोकळे असू शकतात. फोनचं तसं नाही, तिथे वाचावं लागतं आणि मन तिकडेच जातं.

आणि ब्रेक द्या. तासाभराने दहा मिनिटं, तेही आधी सांगून. "सव्वासातला चहा" हे माहीत असलं की माणूस तोवर मेसेज थोपवून धरतो. शिवाय त्या दहा मिनिटांत कॉफी आणि सँडविच विकलं जातं, ते वेगळंच.

एवढं सगळं करूनही एखादा फोनमध्येच राहील. असे असतात, नाकारत नाही. त्याला चारचौघांत टोकू नका. बैठक संपल्यावर बाजूला घेऊन विचारा, "तुम्हाला यातलं काय आवडतं?" कदाचित त्याला लढाईत रस नसेल, कोडी हवी असतील. कदाचित तो फक्त मैत्रिणीला सोबत म्हणून आला असेल. ते कळलं तर योग्य टेबल देता येईल. तरीही जमलं नाही तर पैसे परत देऊन हसत निरोप द्या. चार गिऱ्हाइकं सांभाळायची तर कधी पाचवं सोडावं लागतं.

ज्यांचा गेम कॅफेशी काही संबंध नाही, त्यांनी आपली सोमवारची स्टाफ मीटिंग आठवावी. आठ जण बसलेत, तुम्ही एकेकाचं टार्गेट वाचताय, आणि स्वतःचं नाव येईपर्यंत बाकी सातांना काही काम नाही. तिथेही बारा मिनिटांचाच हिशेब आहे.

आता गृहपाठ. पुढच्या बैठकीत कुणाला काही बोलू नका, काही बदलू नका. फक्त आपल्या वहीत लिहा: पहिला फोन किती वाजता निघाला, आणि त्या क्षणी टेबलावर काय चाललं होतं. तीन बैठकींच्या नोंदी करा. तीनही वेळा जवळपास तोच प्रसंग दिसला, तर दुरुस्ती कुठे करायची ते तुम्हाला कळलेलं असेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर धंदा जोरात चालू द्या!